लाखेखालचं रुपं

वहिनी, तुझा शब्द आज सकाळी मोडला. मी नाही मोडला, आधीच सांगून ठेवतो, नाहीतर वरून डोळे वटारशील. तुझ्या लेकीने मोडला, तोही चिंचेच्या कढत पाण्यात. काल तुझं तेरावं झालं. आज देव परत पूजेत घ्यायचे म्हणून मेघा सकाळीच अंबरनाथहून जांभूळला आली, परातीत सगळे टाक मांडले, आणि या पोरांना सगळं झटपट हवं असतं ना, गॅसवरचं पाणी सरळ उचलून त्यावर ओतलं. मी ओट्यावर चहा पीत बसलो होतो. आतून हाक आली, "काका, हे सुटलं." काय सुटलं ते उठून बघायच्या आधीच मला कळलं होतं. कप तिथेच ठेवला आणि आत धावलो.

पुढचं सांगतो. पण आधी मला तुझ्याशी जरा भांडू दे. इतके दिवस घर माणसांनी भरलेलं होतं आणि जो येईल तो तुझ्या फोटोकडे बघून म्हणायचा, "देवमाणूस होत्या हो मॅडम." देवमाणूस कसली! तुझ्यासारखी हट्टी बाई या बदलापूर पट्ट्यात दुसरी झाली नसेल. शाळेतल्या बायकांनी तुझ्या शिस्तीचं कौतुक केलं, शेजारणींनी तुझ्या रांगोळीचं केलं. तू जन्मभर ज्यापायी वेडी होतीस त्याचं नाव कुणी काढलं नाही. दादाने एकदा सांगायचा प्रयत्न केला, "तिला जुन्या नाण्यांवरचं वाचता यायचं." समोरचा पाहुणा म्हणाला, "वा, छान छंद." छंद म्हणे! मला असा राग आला की मी उठून गोठ्यामागे जाऊन उभा राहिलो.

तू या घरात आलीस तेव्हा मी शाळेत होतो. नाक पुसायची अक्कल नव्हती मला, आणि तू पहिल्या दिवसापासून "भाऊजी, तुम्ही" म्हणायला लागलीस. मी तुला सरळ "तू". आई ओरडायची, "रम्या, मोठी हाय ती." तू म्हणायचीस, "राहू द्या हो आई, दीर एकच आहे." अंबरनाथ पश्चिमेची, चित्रकलेच्या शिक्षिकेची नोकरी असलेली सून आमच्यासारख्या भातशेतीवाल्यांच्या घरात कशी टिकणार, म्हणून भावकीतल्या बायकांनी पैजा लावल्या होत्या. पहिल्याच नवरात्रात आईने तुला देव घासायला बसवलं. मला ती सकाळ लख्ख आठवते, कारण मी तिथेच खोबऱ्याच्या वाटीवर डोळा ठेवून बसलो होतो.

आमचे टाक म्हणजे चारचौघांच्या घरी असतात तसेच, रुप्याच्या पातळ पत्र्यावर ठोकलेले देव. खंडोबा घोड्यावर, भवानी सिंहावर. आणि त्यांच्यात एक वेगळा. गोल, जाड, तोळाभर वजनाचा, तांब्याच्या छोट्या पत्र्यावर लाखेने पक्का बसवलेला. त्याच्यावर ना घोडा ना सिंह, नुसत्या रेघा. आई सांगायची तो आमचा मूळपुरुष. आम्हा पोरांना वाटायचं, त्या रेघा म्हणजे त्याच्या फेट्याच्या वळ्या. मधला भाग तर पिढ्यान्‌पिढ्या हळदीचं बोट लागून लागून सपाटच झाला होता. तू तो हातात घेतलास, राखेची चिमूट सोडलीस, उठून दाराशी उजेडात गेलीस आणि तशीच उभी राहिलीस. आई आतून विचारतेय, "झालं का गं?" मग तू एकदम हळू आवाजात म्हणालीस, "आई, ही अक्षरं आहेत. अरबी. हे नाणं आहे."

मला वाटलं आता घरात रण माजणार. आईने चुलीवरून मान वळवली, तुझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ठावं हाय."

तू चाट, मी चाट. आई उठली, टाक तुझ्या हातातून घेतला, पदराने पुसला. "माज्या सासूलाबी ठावं व्हतं. नाणं व्हतं, पन आता देव हाय. त्याची पाठ कुनी बगितली नाय. ज्या दिवशी पाठ बगशील ना पोरी, त्या दिवशी तो परत नाणं व्हईल. लाख खोलायची नाय. सबूद दे." आणि तू, नवी नवरी, हाताला राख, कपाळावर घाम, तू शब्द दिलास. मी साक्षीदार. त्या बदल्यात तूही एक मागून घेतलंस, की यापुढे हा टाक राखेने घासायचा नाही, नुसत्या पाण्याने धुवायचा. आई म्हणाली, "मंग काळा पडंल." तू म्हणालीस, "पडू दे, वाचेल तरी." आई बधली नाही. दसरा आला की आई राख घ्यायची आणि तू तोंड फुगवून बसायचीस. तुम्हा दोघींचं हे भांडण वर्षानुवर्षं चाललं.

त्या सकाळपासून तुला वेड लागलं. अक्षरांचं वेड होतंच म्हणा, शाळेत पोरांना बोरू तासून द्यायचीस, कटनिबने अक्षर गिरवून घ्यायचीस. पण हे वेगळं होतं. घरात अक्षरं आहेत आणि मला ती वाचता येत नाहीत, हे तुला सोसेना. शिकवणार कोण? तू उल्हासनगर गाठलंस. चांदीवाल्या खूबचंदशेठच्या दुकानात जोडवी घ्यायला गेलीस आणि बघितलंस की शेठ हिशेबाच्या पाटीवर उजवीकडून डावीकडे लिहितोय. सिंधी लिहीत होता तो, त्यांच्या जुन्या लिपीत, अरबी वळणाची. तू जोडवी राहू दिलीस आणि म्हणालीस, "शेठ, मला ही बाराखडी शिकवा." आम्हाला हे तूच हसत हसत सांगितलंस. शेठ आधी बायकोकडे बघायला लागला म्हणे, ही बाई बरी आहे ना!

मग दर शनिवारी, शाळा सुटली की तुझी वारी. मी पाणी प्रकल्पावर नोकरीला लागलो आणि स्कूटर घेतली, तेव्हापासून तुझा गाडीवान मीच. विठ्ठलवाडीच्या डेपोपाशी तुला घ्यायचं, दुकानात सोडायचं, आणि मी बाहेर दालपकवानच्या गाडीवर. शेठची ती सिंधीत या, बसा म्हणणारी हाक अजून कानात आहे. "अचो टीचर, वेहो. आज आपके काम का कुछ आया है." दुकानात मोडीसाठी जुनं रुपं यायचं. तोडे, वाळे, कंबरपट्टे, आणि त्यात अधूनमधून घासलेली, भोकं पाडून गळ्यात घातलेली जुनी नाणी. चांगली असतील ती शौकीन लोक घेऊन जायचे. बाकीची मुशीत. शेठने कामगाराला ताकीदच देऊन ठेवली होती, लिहिलेलं काही आलं तर गाळायच्या आधी टीचरला दाखवायचं. तू एकेक नाणं भिंगाखाली धरायचीस आणि जे उरलं असेल ते मोठ्याने वाचायचीस. एक शब्द, अर्धा शब्द. मग ते मुशीत जायचं. मी एकदा वैतागून म्हणालो, "अगं गाळणारच आहेत तर वाचतेस कशाला? उन्हात माझं टाळकं तापलंय." तू मान वर न करता म्हणालीस, "कुणीतरी खपून लिहिलंय, भाऊजी. शेवटचं एकदा कुणीतरी वाचायला नको?" मी आणखी एक पकवान घेतलं.

आणि ते बारकं नाणं. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. शेठच्या आजोबांनी सिंधमधून येताना एक पुरचुंडी आणली होती. त्याने ती आम्हाला कितीतरी वर्षांनी दाखवली, तीही तू पहिल्यांदा एक अख्खं नाणं न अडखळता वाचलंस त्या दिवशी. टिकलीएवढं रुपं. खरंच टिकलीएवढं, मला तर वाटलं कानातल्याचा फुटका भाग आहे. तू मला जबरदस्तीने भिंगाला डोळा लावायला लावलास. वहिनी, त्या टिकलीवर तीन ओळी होत्या! तीन! रेघ सरळ, वळण डौलदार, शब्दाला शब्द चिकटलेला नाही. हजारेक वर्षांपूर्वी सिंधमध्ये अरब अमीर होते, त्यांच्या टाकसाळीतलं, असं तू सांगितलंस. कुणाची नखं एवढी बारीक असतील, कुणाचे डोळे असे असतील, मला कळेना. मी भिंग सोडेना. तू वाचलंस, देव एक आहे, त्याला भागीदार नाही. आणि आमचा खूबचंदशेठ, मागे झुलेलालची तसबीर, उदबत्ती लागलेली, त्याने ते नाणं बोटाच्या टोकावर घेऊन कपाळाला लावलं. म्हणाला, "मुलुख की चीज़ है, टीचर." त्याचे डोळे भरले होते. तुझेही. मी आपला खोकल्याचं नाटक केलं.

परत येताना तू स्कूटरवर मागे बसून सारखी बोलत होतीस. राजे आपापली तोंडं छापतात नाण्यावर, यांनी नुसते शब्द छापले, भाऊजी. सगळा डौल अक्षराचा. आणि ते अक्षर कोरणारा माणूस! तो उलटं कोरायचा. लोखंडात, उजव्याचं डावं करून, आत खोल. तसा ठसा तयार व्हायचा, खाली एक ठसा, मध्ये तापवलेलं रुपं, वर दुसरा ठसा, आणि घणाचा एक घाव, की सुलटं अक्षर वर यायचं. तू म्हणालीस, "नाणी पुष्कळ बघितली, पण मला एकदा ठसा बघायचाय. त्याने स्वतःच्या हाताने कोरलेलं उलटं अक्षर. नाणं लोकांसाठी होतं. ठसा फक्त त्याने बघितला." मी म्हणालो, मुंबईच्या म्युझियममध्ये असेल की. तू जाऊन आलीस. तिथेही नाणीच होती. ठसे मोडून टाकायचे म्हणे, कुणी खोटी नाणी पाडू नयेत म्हणून. हे सांगताना तुझा चेहरा असा पडला होता की घरातलं कुणी दगावलंय असं वाटावं.

त्यानंतर तू शाळेत साबणाचा प्रकार काढलास. प्रत्येक पोराला एक कपडे धुण्याची वडी आणायला लावायची आणि तिच्यावर खिळ्याने आपलं नाव उलटं कोरायचं. मग त्यावर ओली माती दाबायची की नाव सुलटं उमटतं. मुख्याध्यापक वैतागले, पालक वैतागले, पोरं खूष. मलाही बसवलंस एका रविवारी. "रमेश" कोरायला मला अख्खी दुपार लागली आणि मातीत जे उमटलं ते वाचून मेघा लोळून लोळून हसली. मी वडी फेकून दिली. तू ती उचललीस आणि म्हणालीस, "आता कळलं का भाऊजी, तो माणूस काय होता ते?" कळलं होतं. पण कबूल कोण करतंय!

घरचा टाक मात्र तू वर्षानुवर्षं धीराने वाचत राहिलीस. फक्त वरची बाजू. मधलं सगळं हळदीने खाल्लेलं, पण कडेने गोल फिरणारी ओळ तुकड्यातुकड्यात उरली होती. उभ्या लांब रेघा पाहून तू सांगितलंस की हा दिल्लीच्या सुलतानांच्या काळचा टंका आहे. कोण सुलतान, ते सांगता येईना. "नाव पाठीवर असणार," तू म्हणायचीस आणि टाक परत देव्हाऱ्यात ठेवायचीस. आणि एका संक्रांतीला, तीळ निवडता निवडता उठलीस, टाक घेतलास, आणि तुला कडेची ओळ लागली. तू मला एक शब्द बोटाने दाखवलास. फिद्दा. म्हणजे रुपं. "हे रुपं ठोकलं," एवढं स्वच्छ. पुढे कुठल्या गावी आणि कुठल्या साली ते असणार, पण ते झिजलेलं. साल आकड्यात नाही, शब्दांत लिहायचे, आधी एकक मग दशक, आपण पंचवीस म्हणताना पाच आधी म्हणतो ना, तसं. हे सांगताना तू लहान मुलीसारखी टाळ्या वाजवत होतीस.

तू धावत आईकडे गेलीस. "आई, तो स्वतःबद्दल बोलतोय! म्हणतोय, हे रुपं अमक्या ठिकाणी ठोकलं."

आई म्हणाली, "मंग! मी काय सांगते इतकी वर्सं, बोलतो तो. कुटं ठोकलं म्हनतो?"

"ते पुसलंय."

"बरं झालं. मंग कुटलाबी नाय. आपलाच हाय."

किती हसलो होतो आपण! पण त्या वर्षीपासून आईने राख सोडली, तुला आठवतंय? कुणाला काही न बोलता सोडली; हळदीचं बोट मात्र तू कितीही भांडलीस तरी सोडलं नाही. दसऱ्याला नुसत्या पाण्याने धुतला आणि तुझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला वाटतं, त्या दिवशी आईही थोडी घाबरली होती. आपण रोज ज्याला हळद लावतो तो आपल्याआधी किती काळ बोलतोय, हे तिच्या ध्यानात आलं असावं. माझ्या तर आलं. मी त्या रात्री जेवताना देवघराकडे पाठ करून बसलो नाही.

आता आपलं भांडण. आई गेल्यावर मी तुझ्या मागे लागलो, हे खरं. "वहिनी, आता खोल. सगळ्या उल्हासनगरची मोड वाचतेस आणि घरचं नाव वाचायचं नाही? आई काय बघायला येणारे?" तू म्हणायचीस, "घरचं आहे म्हणूनच नाही." मी म्हणायचो, हा शुद्ध गाढवपणा आहे. तू म्हणायचीस, असेल. मी म्हणायचो, तुझ्यासारखी शिकलेली बाई असल्या शब्दाला बांधून घेते? तू म्हणायचीस, "मी अक्षरासाठी जीव टाकते, भाऊजी. मग दिलेला शब्द काय हवेत सोडू?" आणि विषय बदलून मला भाकरी वाढायचीस. मला चीड यायची. मला ते नाव हवं होतं गं. तुझ्यासाठी हवं होतं. ते वाचताना तुझा चेहरा कसा होतो ते मला बघायचं होतं, दुसरं काही नाही. हे तुला कधी बोललो नाही. भांडलो तेवढा.

दवाखान्यातसुद्धा भांडलो. तू नळ्या लावून पडलेली आणि मी खुर्चीवर. मी म्हणालो, "बरी होऊन ये, लाख मी खोलतो. शब्द तू दिलायस, मी नाही. तू डोळे मिटून बस, मी वाचून दाखवतो." तू हसलीस. इतक्या दिवसांत पहिल्यांदा नीट हसलीस आणि म्हणालीस, "तुम्हाला वाचता कुठे येतं?" मी म्हणालो, एक शब्द येतो. फिद्दा. तू म्हणालीस, "तो पाठीवर नसतो." हेच आपलं शेवटचं बोलणं. लोक शेवटच्या बोलण्यात काय काय ज्ञान ऐकवतात, आणि आपण बघ.

तर आजची सकाळ. मी आत गेलो तेव्हा मेघा परातीपाशी बसली होती. एका हाताच्या तळव्यावर रुपं, दुसऱ्या हातात लाखेचा तांब्याचा पत्रा. गरम पाण्याने लाख कडेने सुटली होती आणि टाक अख्खाच्या अख्खा निघून आला होता. वरची, आपल्या ओळखीची बाजूच वर होती. ती बिचारी पांढरी पडलेली. "काका, मला माहीत नव्हतं गरम पाणी चालत नाही. मम्मी कोमट घ्यायची का?" मी म्हटलं, "असू दे." ती तळवा उलटा करायला निघाली, मी ओरडलो, "थांब!" एवढ्या जोरात की दादा बाहेरून आला.

दादा दारात उभा राहिला. तुला माहितीये त्याचं, बोलणं कमी. बघितलं आणि म्हणाला, "सोनार यायचाच आहे. त्याला सांगू, लाख तापवून परत बसवून दे." तुझा टाक करायला द्यायचाय ना, सवाष्ण गेलेल्या बाईचा घरात करतात तो, त्यासाठी सोनाराला बोलावलंच होतं. ही गोष्ट दादाच्या दृष्टीने तिथे मिटली.

मेघा मात्र तुझी लेक. डोळे पुसले आणि मला म्हणाली, "काका, शब्द मम्मीने दिलेला. मी दिला नाही, तुम्ही दिला नाही. मम्मी आता नाही. आणि हे तर आपोआपच सुटलंय. मी फोटो काढते, एका मित्राला पाठवते, संध्याकाळपर्यंत कुणाचं नाव आहे ते कळेल." वहिनी, ही सगळी माझीच वाक्यं होती. शब्दन्‌शब्द माझी. इतकी वर्षं तुझ्याशी भांडताना वापरलेली. आणि मला तिला "हो, काढ" म्हणता येईना, "नको" म्हणता येईना. तुझ्याजागी मी उभा होतो आणि मला तुझी उत्तरं पाठ नव्हती.

काहीतरी करायचं म्हणून मी तिच्या हातातला पत्रा घेतला. लाखेवर पाणी साचलं होतं, ते धोतराच्या टोकाने टिपलं. दाराशी उजेडात तिरपा धरला.

लाखेत अक्षरं होती. काळपट तांबड्या लाखेत, खोल, आत गेलेली, उलटी. ज्या कुणी कधीकाळी तापल्या लाखेवर ते रुपं दाबलं होतं, त्याच्या हाताखाली पाठीचा सगळा लेख त्या लाखेने उचलून घेतला होता. उभ्या रेघा कुंपणाच्या खांबांसारख्या ओळीने, त्यांच्या पायाशी वळणं, सगळं उजव्याचं डावं. एक रेघ मोडलेली नाही. हळद नाही लागली, राख नाही लागली, माणसाची नजर नाही लागली. मी ती साबणाची वडी कोरलेली आहे ना, म्हणून मला कळलं मी काय बघतोय. तो टाकसाळीतला माणूस ठशावर वाकून बसला असेल तेव्हा त्याला हेच दिसत असणार. हेच, असंच, आत खोल आणि उलटं. तू मुंबईपर्यंत जाऊन ज्याला शोधून आलीस ते आमच्या देवघरात, तू रोज हात जोडायचीस त्या जागी, रुप्याच्या पाठीखाली होतं.

मी पत्रा मेघापुढे धरला. ती बघत राहिली. तीही तुझ्याच वर्गात साबण कोरून आलेली. ती एवढंच म्हणाली, "मम्मीचा ठसा." मग तिचा बांध फुटला. माझाही. दादा जवळ आला, चष्मा लावून बराच वेळ बघत होता. तुझ्या त्या ठशाच्या गोष्टी त्याने आमच्याहून जास्त ऐकल्या असतील, जेवताना, झोपताना.

मेघाच्या हातात फोन होताच. रडत रडतच म्हणाली, "हा फोटो फोनमध्ये उलटा केला की सुलटं होईल. वाचतासुद्धा येईल." खरं होतं. मी दादाकडे बघितलं. दादा म्हणाला, "तिने वाचलं नाही ना? मग आपल्याला काय घाई आहे?" एवढंच म्हणाला आणि बाहेर जाऊन सोनाराला फोन केला. तुझ्या टाकाचं काम त्याला दुकानातच नेऊन देतो म्हणाला, घरी येऊ नको, लाखेला हात लावायचा नाही. तापवली असती तर सगळी अक्षरं वितळून गेली असती. मेघाने फोन खिशात टाकला. तिला कुणी सांगितलं नाही.

मग टाक परत बसवायचा होता. ते काम माझ्याकडे आलं, आणि बसवायचा म्हणजे बघावं लागणार. मी मेघाच्या हातून रुपं घेतलं आणि उलटं केलं. सांगतो, लपवून काय करू. पाठ पांढरीशुभ्र होती. आजच ठोकून आणल्यासारखी. किती पिढ्या समोरच्या बाजूने आमचं सगळं सोसलं, हळदी, कुंकू, राख, चिंच, आणि मागे ही एवढी अक्षरं तशीच्या तशी. मी हात जोडले. आई म्हणायची तो परत नाणं होईल. मला तर तसं काही झालेलं दिसलं नाही. उलट त्याच्यापुढे बसायची मला आज पहिल्यांदा भीती वाटली.

लाखेवर ठेवला आणि हळूहळू फिरवला. एका जागी आला आणि आपोआप खाली बसला. अक्षरात अक्षर गेलं. हलवून बघितलं, हलेना. आता त्याला लाख धरून नाही, कुणीही कधीही उचलून बघू शकतं. ओवाळताना पडू नये म्हणून मेघाने लाल नाडा गुंडाळला. मग हळदीचं बोट घेतलं, टाकाच्या मधोमध नेलं, तिथे क्षणभर थांबली आणि बाजूच्या तांब्याच्या पत्र्याला लावलं. आईशी भांडून भांडून तुला जे जमलं नाही ते तुझ्या लेकीने न भांडता करून टाकलं बघ.

दुपारी खूबचंदशेठचा फोन आला. सूनबाईने लावून दिला होता, त्याला आता ऐकू कमी येतं. म्हणाला, काही लिहिलेलं रुपं येऊन पडलंय, टीचर नाही, गाळू का? मी म्हटलं, शनिवारी मी आणि मेघा येतोय, तोवर ठेवा. त्याने विचारलं, "तुमको पढ़ना आता है?" मी म्हटलं, नाही, पण शिकवा, बाराखडीपासून. तो म्हणाला, "अचो."

तर शब्द मोडला वहिनी, आणि मोडला नाहीसुद्धा, तूच काय ते ठरव. पाठ मी बघितली. उजेडात धरून, डोळे फाडून बघितली. त्या सगळ्या अक्षरांत मी आपला फिद्दा शोधत होतो. तू सांगितलंस तसंच, तो तिथे नव्हता. बाकी सगळं होतं, कुणाचं तरी नाव, अगदी स्वच्छ, माझ्या नाकासमोर. आणि मला वाचता येत नाही गं.